मुकं जायफळ

१

जायफळाच्या राईवरची फळतोडीची बंदी उठायची ती सकाळ. सगळं रून बेट नटूनथटून कुंपणाशी जमलं होतं, आणि मी जारेंग, बेटाचा शहाबंदर म्हणजे बंदराचा कारभारी, रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या पुढे उभा राहून जांभया देत होतो. टेकडीपलीकडची दुसरी राई दीड महिना आधीच उघडते, आणि तिच्या फळांवर धूरघरं पेटली की आमच्याकडे सगळेच पेंगत असतात. जायफळाचा धूर महिना महिना बेटावरून हलत नाही. माणसं बोलता बोलता मध्येच थांबतात, कुत्री उभ्याउभ्या झोपतात, आणि कालची गोष्ट खरी की स्वप्नातली यावर घरोघरी नवरा-बायकोचे वाद होतात.

माझे सासरे कोदियाली, सभेचे मुख्य, पुढे आले. राईभोवती काटेरी कुंपण आहे आणि आत जायला एकच वाट. आठ महिन्यांपूर्वी बंदी घातली तेव्हा त्या वाटेवर त्यांनी माडाच्या पानाची पट्टी बांधली होती. हिरव्यागार पट्टीची गाठ इतकी घट्ट होती की ती सोडताना म्हाताऱ्याची बोटं थरथरली. माझ्यामागे कुणीतरी "वय झालं आता" असं कुजबुजलं. पट्टी सुटली. फळं काढायचे झेले खांद्यावर टाकून बायका आत शिरल्या, आणि पहिलीनेच किंकाळी फोडली.

कुंपणालगतचं एक झाड बोडकं झालं होतं.

परवा संध्याकाळीच मी कडेची झाडं मोजली होती. बंदीत राईत कुणी पाय ठेवत नाही, म्हणून बाहेरच्या उंच केनारी झाडांवरच्या मचाणांवर बसून मोजायचं; एका बाजूला वलंदेज साक्षीदार, दुसऱ्या बाजूला इंग्रज. या झाडावर त्रेचाळीस फळं होती. आता शेंड्याला तेवढी तीन उरली होती, आणि एक पारवा मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत होता.

झाड कुणाचं, असं कुणीच विचारलं नाही. रूनवर प्रत्येक झाड कुणाच्या तरी जन्माचं असतं. मूल झालं की चाळीस दिवसांच्या आत त्याच्या आईच्या झाडाचं एक ताजं बी पुरायचं. मग ते मूल बेटाचं. झाड वाढलं की खोडावर खूण कोरायची. या झाडावरची खूण सात वर्षांपूर्वी छिन्नीने उडवली आहे, आणि उडवणारे माझे सासरेच. झाड त्यांच्या धाकट्या मुलीचं, म्हणजे माझ्या मेव्हणीचं. ती पलीकडच्या, वलंदेजांच्या ताब्यातल्या नैलाका बेटावर त्यांच्या कोठारवाल्याच्या घरी राहायला गेली. त्या दिवसापासून आईबापांनी तिच्याशी बोलायला आणि कुणीही तिचं नाव घ्यायला मनाई आहे. जो घेईल त्याचं झाड कापायचं असा ठराव आहे. म्हणून मीही इथे ते घेत नाही.

"अरे शहाबंदर!" इंग्रजांचा मुख्य ट्रस्कॉट धापा टाकत किनाऱ्याकडून वर आला. माणूस एवढा गोल की चढावर त्याला मागून ढकलावं असं वाटतं. "झाडाकडे काय बघत बसलास? मी आत्ता होडीतून नैलाकावरून आलो. त्या तेऊनिसच्या धक्क्याखाली जायफळाच्या साली तरंगतायत. ताज्या! ढीगभर!"

तेऊनिस म्हणजे तोच कोठारवाला. सगळ्यांनी माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

२

माझ्या जन्माच्या वर्षी, छत्तीस वर्षांपूर्वी, वलंदेज आणि इंग्रज या दोघांची आरमारं आमच्या बेटांसाठी एकमेकांवर चालून आली होती. तोफा डागायच्या आत आगीचा डोंगर फुटला, आणि खाडीत नांगरलेली सगळी गलबतं एकाच दुपारी जळाली. उरलेसुरले टोपीकर पोहत किनाऱ्याला लागले. आमच्या म्हाताऱ्यांनी त्यांना सागोची पेज पाजली, अंगावर पांघरूण घातलं, आणि ते जरा शुद्धीवर आल्यावर त्यांच्याकडून तह लिहून घेतला. तेव्हापासून झाडं आमची. एका वर्षी जायफळ वलंदेजांना आणि जायपत्री इंग्रजांना, पुढच्या वर्षी उलट. अट एकच, पण ती लोखंडी: जिवंत बी टोपीकरांच्या जमिनीवर जाता कामा नये. पाच आठवडे धुरात ठेवून मेलेलं जायफळच बेट सोडणार. ज्या कंपनीचा माणूस अट मोडेल तिचा वाटा दुसरीला, आणि तो माणूस बेड्या घालून मायदेशी.

मला कधीकधी स्वप्न पडतं की डोंगर त्या दिवशी फुटलाच नाही. राई तशीच आहे, झाडं रांगेत उभी आहेत, आणि फळं काढायला आमच्यातलं एकही माणूस उरलेलं नाही. मग मी उठून बायकोचा हात चाचपडतो.

तर ट्रस्कॉटचा आनंद पोटात मावत नव्हता. तो इतका खूश होता की मला वाटलं, चोर हाच असणार.

"काल दुपारी कुठे होतात, साहेब?" मी विचारलं.

"काल दुपारी मी झोपलो होतो. तू झोपला होतास. सगळं बेट झोपलं होतं. तुमच्याकडे दुपारी माशीसुद्धा जागी नसते!"

हे मात्र खरं होतं. चोरी झाली ती दुपारीच. रात्री किनाऱ्यावर पहारा असतो. दुपारी पहाऱ्याची गरजच कुणाला वाटलेली नाही.

वलंदेजांच्या गलबताचा कप्तान समजूतदार निघाला. भांडण वाढलं तर तह जाईल आणि वर्षाचा मालही. त्याने सरळ सांगितलं, "माझं जहाज उद्या दुपारच्या ओहोटीला सुटतं. तेऊनिसला बेड्या घालून घेऊन जातो. बायको आणि पोरही नेतो. विषय मिटला."

पोर! नैलाकावर मूल झालंय हे बेटाला माहीत होतं, पण ज्या बाईला नावच नाही तिच्या मुलाबद्दल बोलणार कोण?

"नुसत्या सालींवरून माणूस देता येत नाही," माझे सासरे पहिल्यांदाच बोलले. आवाज कोरडा होता. "जारेंग, उद्याच्या ओहोटीपर्यंत तुला वेळ. पुरावा आण."

एवढं बोलून ते काठी टेकत घरी निघून गेले. मी घाबरलो. होड्यांची भांडणं मी सोडवतो, दारूड्यांना घरी पोचवतो. पण एक अख्खं घर समुद्रापार पाठवायचं की नाही हे ठरवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. अशा वेळी रूनवर एकाच माणसाकडे जातात, आणि ते माणूस दुर्दैवाने माझी सासू आहे.

३

सासूबाई, बोई सेनिया, धूरघराच्या दारात पाय पसरून, भिंतीला डोकं टेकून घोरत होती. वय साठीच्या पुढे. काम माल पारखण्याचं. पाच आठवडे धुरावर राहिलं की कवचातलं बी सुकून सुटं होतं. मग जायफळ कानाशी हलवायचं. खुळखुळलं तर मेलं, पाठवायला हरकत नाही. मुकं राहिलं तर अजून जिवंत, परत धुरावर. सासूबाई हे झोपेत करते. बेटावर म्हणतात की तिला झोपेत सगळं दिसतं. मला विचाराल तर ती कधी झोपतच नाही.

"आलात जावईबापू," डोळे न उघडता ती म्हणाली. "पाय वाजवतच आलात म्हणजे घाबरलेले दिसता."

"आई, झाडाचं कळलं ना तुम्हाला?"

"कळलं. शेंड्याला किती ठेवली?"

"तीन."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा घोरायला लागली.

एवढ्यात आतून धूरघराचा रखवालदार तिता डोळे चोळत आला. त्याच्या तोंडाला माडीचा वास होता. त्याने माझे पायच धरले.

"शहाबंदर, मी काही केलं नाही हो! काल दुपारी जरा लवंडलो. दार उघडंच होतं. पण मी नाही!"

"तुझ्यावर कुणी आळ घेतलाय का?" मी म्हणालो.

"घेणारच ना! पहिल्या ताटव्याचा माल बिघडलाय. पाच आठवडे पूर्ण झालेला माल, मी रोज हलवून बघतो. आज सकाळी बघतो तर त्यात मुकी निघतायत!"

सासूबाईंचं घोरणं बंद झालं.

ती उठली. आम्ही तिघं आत गेलो. धुराने काही दिसत नव्हतं. बांबूच्या ताटव्यांवर जायफळं पसरलेली होती आणि खाली निखारे होते. सासूबाईंनी पहिल्या ताटव्याशी बैठक मारली आणि एकेक जायफळ कानाशी नेत राहिली. खुळ. खुळ. खुळ. मध्येच काही नाही. ते ती पदरात टाकायची. त्या आवाजाने मला गुंगी आली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिने मांडीवर चापट मारली तेव्हा मी दचकलो.

"एकोणचाळीस," ती म्हणाली.

"काय एकोणचाळीस?"

"मुकी. ताजी. आणि त्यांची जायपत्री बाहेर चटईवर वाळत पडलीय बघा, बाकीच्यापेक्षा लाल." तिने पदरातली जायफळं तिताच्या टोपलीत ओतली. "त्रेचाळीसातली तीन झाडावर. म्हणजे चोराने चाळीस नेली आणि एकोणचाळीस आपल्याच धूरघरात आणून ठेवली. असा चोर पाहिलाय कधी, जावईबापू?"

"मग त्याने चोरलं काय?"

"एक," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "होडी काढा. मला नैलाकाला जायचंय."

सात वर्षांत तिने त्या बेटाकडे तोंडसुद्धा केलं नव्हतं.

४

तेऊनिस दारातच बसला होता, उंच, लालसर, आणि उन्हाने नाक सोललेला. मी काय विचारायचं ते विचारलं. काल दुपारी कुठे होतास? घरात. साली कुठून आल्या? माहीत नाही. बी कुठे आहे? तो गप्प.

"अरे बाबा, बोल काहीतरी," मी म्हणालो. "उद्या तुला बेड्या पडतील."

"पडू देत," तो म्हणाला आणि मागे वळून बायकोकडे बघितलं. ती मान हलवत होती. नको, नको. हा माणूस काहीतरी झाकत होता, पण स्वतःसाठी नाही, एवढं मलासुद्धा कळलं.

सासूबाई उंबऱ्यावर उभी होती. समोर तिची मुलगी. सात वर्षांपूर्वी हिला मी शेवटची पाहिली तेव्हा ती पोरगी होती. आता कडेवर मूल होतं आणि कपाळावर आठी, अगदी आईसारखी. दोघी चार हातांवर होत्या आणि एकमेकींना हाक मारता येत नव्हती.

"जावईबापू," सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "या बाईंना विचारा, बाळ किती दिवसांचं झालं?"

मी मेव्हणीकडे वळलो. "ऐकलंस ना?"

"दाजी, त्यांना सांगा, आज एकोणचाळीस. मुलगी आहे."

"विचारा, दूध पुरतं का?"

"सांगा, पुरतं."

"विचारा, माशाचं कालवण खाते का नीट? की या लाल माकडाने नुसतं पाव आणि चीज घातलंय?"

"सांगा, तो स्वतः मासे पकडून आणतो. आणि त्यांना सांगा की..." ती बाळाचं दुपटं सारखं करायला लागली. मी दोघींच्या मध्ये उभा राहून नुसता मान वळवत होतो. इतकं अवघड काम शहाबंदर म्हणून मी कधी केलं नाही. बाळाने तेवढ्यात जांभई दिली, आणि सासूबाईंनी हात पुढे केला. मुलीने काही न बोलता बाळ तिच्या हातात दिलं. बाळाशी बोलायला कुणाची मनाई नव्हती. म्हातारी त्याच्याशी बराच वेळ कायकाय बोलली.

मी घराबाहेर फिरून पाहिलं. खिडकीत एक नवं मडकं होतं. त्यात माती होती, नुकतीच ओली केलेली. वर काहीच उगवलेलं नव्हतं.

"बघितलं मी," सासूबाई माझ्या मागून म्हणाली. तिच्या डोळ्यांना पाणी होतं, पण ती ते पुसायला थांबणार नव्हती. "आता परत चला."

"म्हणजे बी इथेच आहे! मग चोर तेऊनिसच की."

"तुमच्या डोक्यात धूर गेलाय," ती म्हणाली. "शेंड्याला तीन फळं कुणासाठी ठेवतात?"

"पारव्यासाठी. पारवा बी गिळतो आणि राई वाढवतो. लहानपणापासून..." मी थांबलो.

"हा पाव खाणारा पारव्यासाठी फळं ठेवील? आणि ठेवलीच समजा, तर तहाचा माल कमी पडू नये म्हणून बाकीची नेऊन आपल्या ताटव्यावर नीट पसरील? चोर आपला आहे, जावईबापू. घरातला आहे."

५

परतताना ती होडीत काही बोलली नाही. किनाऱ्यावर उतरल्यावर घरी न जाता ती राईच्या वाटेला लागली. सकाळी सोडलेली पट्टी अजून तिथेच कुंपणाच्या कडेला पडली होती. तिने ती उचलली, बोटांत फिरवली, आणि केनारीच्या मुळावर बसून मांडीवर पसरली.

"आपल्याकडे कुणी मूल जन्मलं की बी कसं घेतात हो?" तिने मला विचारलं, जणू मी काल बेटावर आलोय.

"सभेपुढे जायचं. आईचं नाव घेऊन सांगायचं, अमकीच्या झाडाचं एक फळ तिच्या लेकराला हवं. बंदी असली तरी ते एक फळ कुणी अडवत नाही. ती चोरी नाहीच."

"मग या बाळासाठी कुणी का नाही मागितलं?"

"आई, असं काय विचारता! नाव घ्यावं लागेल ना. घेणाऱ्याचं झाड कापतात. नाव परत फक्त तोच देऊ शकतो ज्याने ते काढून घेतलं."

ती पट्टीकडे बघत राहिली. वर पारवे घुमत होते आणि धूर झाडांच्या कमरेपर्यंत साचला होता.

"माडाचं पान उन्हात आठ महिने राहिलं की कसं दिसतं, जावईबापू?"

"तपकिरी. हात लावला की तुकडे पडतात."

"हे?"

मी पाहिलं. पान हिरवं होतं. सकाळी अख्ख्या बेटादेखत सुटलं तेव्हाही ते हिरवंच होतं. आम्ही शंभरजण बघत उभे होतो आणि कुणालाच काही वाटलं नाही. बंदीची पट्टी, म्हणजे हिरवी. आमच्या मनात ती कायम पहिल्या दिवसासारखीच असते.

"कुणीतरी आत जाताना जुनी तोडली," मी सावकाश म्हणालो, "आणि बाहेर आल्यावर नवी बांधली. पण चोर कशाला बांधील? चोर पळेल ना!"

"पळेल," ती म्हणाली. "ज्याने तीस वर्षं दर मोसमाला ही गाठ बांधलीय, त्याचा मात्र वाट उघडी टाकून पाय उचलणार नाही. हातच ऐकणार नाहीत. दुसरं कुणी ही गाठ बांधायचं धाडस करील का? हात झडतो म्हणतात."

सकाळी गाठ सोडताना थरथरलेली ती बोटं मला आठवली.

तिने पट्टीची घडी केली आणि कमरेला खोवली. "सात वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी झोपले," ती म्हणाली. "रोज मनात म्हटलं, हा खुळखुळतो. आतून सुकला, मेला. आणि हा बघा काय करून बसलाय."

"आई, मग आता? उद्या सभेत हे सांगितलं तर... बंदी मोडणाऱ्याचंही झाड कापतात."

"आणि नाही सांगितलं तर माझी नात उद्या जहाजात बसेल," ती म्हणाली. "चला. आज पहिल्यांदाच मला झोप येणार नाही."

६

दुसऱ्या दिवशी सभा किनाऱ्यावरच भरली. ओहोटी लागली होती. नैलाकापर्यंतचं पाणी कमरेइतकं खाली आलं की जहाज सुटणार होतं. तेऊनिसला बेड्या घालून गलबतावर चढवलेलं होतं. नैलाकाच्या वाळूवर त्याची बायको बाळाला घेऊन उभी होती, शेजारी एक पेटी. कप्तानाची होडी तिला न्यायला निघायच्या बेतात होती. ट्रस्कॉट पुढच्याच रांगेत केनारीचे दाणे फोडत बसला होता.

"पुरावा?" माझ्या सासऱ्यांनी विचारलं.

मी उभा राहिलो. सासूबाईंनी मला खांद्याला धरून खाली बसवलं.

"मी सांगते," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, एकदाही आवाज न चढवता. शेंड्यावरची तीन फळं. ताटव्यावरची एकोणचाळीस मुकी जायफळं. उरलेलं एक. "ज्याला विकायचंय तो एकोणचाळीस परत आणत नाही. चाळीस काढली ती अशासाठी की एकच गेलं असतं तर कशासाठी गेलं ते अख्ख्या बेटाला कळलं असतं. एक बी कोण नेतं? ज्याच्या घरी बाळ आहे तो. आईच्या झाडाचं. चोराने जाता जाता होडीत फळं फोडली, साली पाण्यात टाकल्या, एक बी एका उंबऱ्यावर ठेवलं, आणि कुणी उठायच्या आत परत आला. त्याला वाटलं प्रवाह साली दर्यात नेईल. कालची दुपार पालटत्या भरतीची होती. साली धक्क्याखालीच फिरत राहिल्या. ज्या घरावर त्याला माया करायची होती त्याच घरावर आळ आला."

"गोष्ट छान आहे," ट्रस्कॉट म्हणाला. "चोराचं नाव?"

सासूबाईंनी कमरेची पट्टी काढली आणि नवऱ्यापुढे वाळूत ठेवली. हिरवी होती, आता जराशी कोमेजलेली.

"हे तुमचं विसरलं होतं," ती त्यांना म्हणाली.

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना एकेक करून ते पान कळत गेलं. मी माझ्या सासऱ्यांकडे बघत होतो. या माणसाने लेकीच्या लहानपणीच्या बाहुल्याही जाळल्या होत्या. मी त्याला सात वर्षं भ्यायलो आणि खरं सांगायचं तर सात वर्षं त्याचा राग केला.

"हो," ते म्हणाले. "मीच."

"बाबा!" माझी बायको मेलाती मागून ओरडली.

"माझं झाड कापा," ते सभेला म्हणाले. "त्या वलंदेजाला सोडा. त्याने मला उंबऱ्याशी पाहिलं होतं. दारात उभा होता. तरी बोलला नाही."

सभेतले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. उठून कुऱ्हाड आणायला कुणी तयार नव्हतं, आणि बसून राहायचीही सोय नव्हती.

"कापायचं कशाला?" सासूबाई म्हणाली. "आईच्या झाडाचं एक फळ लेकरासाठी घेतलं तर ती चोरी नाही. फक्त आईचं नाव सभेपुढे घ्यावं लागतं. चाळिसावा दिवस अजून संपलेला नाही. बाकीची एकोणचाळीस धूरघरात आहेत, मोजून घ्या. अहो, घरफोड्यासारखं स्वतःच्याच राईत शिरलात, एवढी मोठी होडी या वयात वल्हवलीत. एक नाव घेणं एवढं जड होतं?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. घशातून नुसती हवा आली. सात वर्षं जो शब्द गिळला तो आता वर येत नव्हता. त्यांना खरंच चोरी सोपी वाटली होती, हे मला त्या क्षणी दिसलं, आणि माझा सगळा राग गेला.

"पण बी तर नैलाकावर आहे!" ट्रस्कॉट उठला. "आमचा तह! जिवंत बी वलंदेजांच्या जमिनीवर..."

"तू गप बस रे भोपळ्या," सासूबाई म्हणाली. "बी येईल परत. ज्याचं आहे त्याच्याबरोबर येईल. हाक मारणारा पाहिजे."

कप्तानाची होडी नैलाकाकडे निघाली.

माझे सासरे उठले. काठी तिथेच टाकली आणि पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत, कमरेपर्यंत. धुरातून पलीकडची बाई पुसट दिसत होती. ते थांबले, तोंडाला दोन्ही हात लावले, आणि ओरडले.

"दलिमा!"

आवाज फाटका होता. तरी तो पोचला. तिने मान वर केली.

"दलिमा! दलिमाच्या झाडाचं एक फळ दलिमाच्या लेकीला हवं! सभेने ऐकावं! दलिमा, ये गं घरी!"

मागे म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी हळूच "ऐकलं" म्हणालं. मग दुसरा. मग अख्खा किनारा. कप्तानाने होडी मध्येच उभी केली. तो टोपी काढून डोकं खाजवत होता. मी सभेच्या वतीने त्याला ओरडून सांगितलं की तेऊनिसला खाली उतरव, नाहीतर या वर्षी जायफळाचा एक दाणा मिळणार नाही. शहाबंदर झाल्यापासून मी एवढ्या जोरात कधी ओरडलो नव्हतो. थोड्याच वेळात तेऊनिस बेड्यांशिवाय गलबतावरून खाली उतरला.

दलिमा पेटी तिथेच ठेवून पाण्यात उतरली. बाळ तिने डोक्याच्या उंचीवर धरलं होतं. बापलेक अर्ध्या वाटेत भेटले. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. परत येताना बाळ म्हाताऱ्याकडे होतं आणि दलिमाच्या मुठीत मडक्यातून काढून पानात गुंडाळलेलं ते बी.

बोडक्या झाडाच्या पलीकडे एक मोकळी जागा होती. माझ्या सासऱ्यांनी अंगठ्याने मातीत खळगा केला. बंदी वेळेआधी मोडल्याबद्दल पुढच्या मोसमापासून पट्टी दुसरा कुणीतरी बांधेल, असं सभेने तिथल्या तिथे ठरवलं. त्यांनी मान डोलावली. त्यांचं लक्षच नव्हतं.

"थांबा," सासूबाई म्हणाली. "पारखल्याशिवाय काही पुरत नाहीत." तिने बी घेतलं, पण स्वतःच्या कानाशी नेलं नाही. नवऱ्याच्या कानाशी धरलं आणि हलवलं.

"वाजलं?"

"नाही," ते म्हणाले.

"मग पुरा," ती म्हणाली. तेव्हा कुठे म्हातारा रडला.